आमचे ‘मड’: सहा वर्षांच्या ग्राहकाचा अभिप्राय

टेक्सासमध्ये ह्यूस्टनच्या पश्चिमेला घर घ्यायला निघालेल्या मराठी कुटुंबाला तेथे आधीपासून स्थायिक झालेले स्नेही शाळांची चौकशी संपली की लगेच विचारतात, “मड टॅक्स किती पडतोय?” मड म्हणजे म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट. शहराच्या हद्दीबाहेर उभ्या राहणाऱ्या वसाहतीला पाणी पुरवणारी, तिचे सांडपाणी वाहून नेऊन शुद्ध करणारी, पावसाच्या पाण्याचा निचरा करणारी आणि या सर्व कामांसाठी कर्जरोखे काढून त्यांची फेड घरमालकांच्या मालमत्ता करातून करणारी ही स्थानिक शासनसंस्था असते. टेक्सासात अशा सुमारे हजार संस्था आहेत. आमच्या घराला सेवा देणारे डिस्ट्रिक्ट २०१५ साली राज्याच्या विधिमंडळाने खास कायदा करून स्थापन केले आणि २०१९ पासून मी त्याचा ग्राहक आहे. पाणीपुरवठ्याचा अभिप्राय लिहिताना त्या संस्थेच्या जन्मकथेवर एवढी शाई खर्च करावी लागेल असे मला वाटले नव्हते. परंतु आम्ही भरतो त्या पैशाचा मोठा भाग नळातून येणाऱ्या पाण्यासाठी नसून त्या जन्मकथेसाठी आहे, हे कळल्यावर दुसरा मार्ग उरला नाही.

तरीही आधी नळाचेच सांगतो, कारण तेथे तक्रारीला जागा फार थोडी आहे. सार्वजनिक पाणीपुरवठ्यात नेहमीच्या परिस्थितीत किमान ३५ पीएसआय (म्हणजे दर चौरस इंचाला ३५ पाउंड) दाब राखावा, असा राज्याचा नियम आहे. ऑगस्टमध्ये सगळी वसाहत एकाच वेळी हिरवळीला पाणी देत असताना मी बागेच्या नळाला दाबमापक लावून पाहिला, तेव्हा काटा ५० च्या पुढे होता. पाण्याला क्लोरामिन या जंतुनाशकाचा किंचित वास असतो, तो साध्या गाळणीने जातो. पाण्याच्या गुणवत्तेचा वार्षिक अहवाल दरवर्षी १ जुलैपूर्वी ग्राहकांना मिळाला पाहिजे, आणि आमच्याकडे तो एकदाही चुकलेला नाही. सहा वर्षांत पाणी उकळून पिण्याची सूचना आमच्याकडे एकदाच आली, फेब्रुवारी २०२१ च्या थंडीच्या लाटेत. राज्यभर वीज गेली, पंप थांबले, दाब २० पीएसआयच्या खाली उतरला आणि नियमाप्रमाणे ती सूचना काढावी लागली. त्या आठवड्यात सगळे टेक्सासच गोठले होते, त्यामुळे एकट्या आमच्या डिस्ट्रिक्टला बोल लावणे अन्यायाचे ठरेल.

जुलै २०२४ मध्ये बेरिल चक्रीवादळ आले तेव्हाचा प्रसंग मात्र सांगण्यासारखा आहे. आमच्या गल्लीत पाच दिवस वीज नव्हती, पण नळ एक तासही बंद पडला नाही, कारण विहिरीच्या केंद्रावर कायमचे जनरेटर बसवलेले आहे. काळजी होती ती सांडपाण्याची. हा सगळा प्रदेश तव्यासारखा सपाट असल्याने मैलापाणी उताराने फार लांब जात नाही. मध्ये मध्ये खोल टाकीतून पंपाने ते वर उचलावे लागते आणि त्या पंपाला वीज लागते. दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास गल्लीच्या टोकाला ट्रकचा उजेड दिसला म्हणून मी बाहेर गेलो. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेला एक ऑपरेटर ट्रेलरवरचे जनरेटर त्या टाकीला जोडत होता. टाकीचे झाकण उघडे होते आणि कडेपासून हातभर खाली पाणी चढलेले दिसत होते. त्याने सांगितले की तीन टाक्यांना मिळून एकच फिरते जनरेटर आहे आणि एक रिकामी झाली की तो पुढच्या टाकीकडे जातो. पहाटेपर्यंत तो त्या फेऱ्या मारत राहिला आणि कोणाच्याही न्हाणीघरात मैलापाणी उलटले नाही. त्या माणसाच्या कामाला पाचपैकी पाच तारे देताना मला क्षणभरही विचार करावा लागत नाही.

आता बिलाकडे येतो. दरमहा येणाऱ्या कागदावर पाणी आणि सांडपाणी यांच्या रकमा माफक असतात, पण प्रादेशिक जलप्राधिकरणाच्या शुल्काची तिसरी रक्कम पाण्याच्या मूळ रकमेला सहज मागे टाकते. नवा ग्राहक या ओळीवरून डिस्ट्रिक्टला दूषणे देतो, मीही दिली होती, पण दोष त्यांचा नाही. ह्यूस्टन परिसरात अनेक दशके भूजल इतके उपसले गेले की जमीनच खचू लागली. बेटाउन गावातील ब्राउनवूड नावाची वसाहत खचत खचत समुद्रसपाटीला टेकली आणि १९८३ च्या अलिशिया वादळानंतर ती कायमची सोडून द्यावी लागली. जमीन खचणे रोखण्यासाठी भूजल उपशावर नियंत्रण ठेवणारे, ‘मड’हून वेगळ्या प्रकारचे पहिले डिस्ट्रिक्ट विधिमंडळाने हॅरिस आणि गॅल्व्हस्टन या काउंटींसाठी (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) १९७५ साली स्थापन केले. फोर्ट बेंड काउंटीसाठी १९८९ साली वेगळे झाले. भूजल सोडून नदी आणि तलावांच्या पाण्याकडे वळण्यासाठी जे नळ आणि शुद्धीकरण केंद्रे उभारावी लागली, त्यांचा खर्च या ओळीतून फिटतो.

बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत आणखी एक वाक्य छापलेले असते. डिस्ट्रिक्टचे संचालक मंडळ आणि त्याच्या सभा यांची माहिती हवी असल्यास राज्याच्या कंप्ट्रोलरच्या, म्हणजे मुख्य वित्त अधिकाऱ्याच्या, सार्वजनिक माहितीसंचात किंवा डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर पाहावे, असा त्याचा आशय असतो. हे वाक्य छापणे कायद्याने बंधनकारक आहे. चार वर्षे मी ते न वाचता बिल भरत आलो. पाचव्या वर्षी कराची पावती हातात असताना ते वाचले आणि तेथून आमच्या डिस्ट्रिक्टच्या मूळ कायद्यापर्यंत पोहोचलो.

या कायद्याचे कूळ १९१७ पर्यंत मागे जाते. त्या वर्षी टेक्सासच्या राज्यघटनेत सोळाव्या अनुच्छेदाचे कलम ५९ आले आणि जलसंधारण, निचरा व पूरनियंत्रण यांसाठी कर लावण्याचा व कर्ज काढण्याचा अधिकार असलेली डिस्ट्रिक्ट स्थापन करण्याचा मार्ग खुला झाला. म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट हा विशिष्ट प्रकार १९७१ चा. तो जलसंहितेच्या, म्हणजे पाण्यासंबंधीच्या राज्य कायद्यांच्या संग्रहाच्या, ५४ व्या प्रकरणात आहे. असे डिस्ट्रिक्ट दोन रीतींनी निघते. मूल्याच्या हिशेबाने निम्म्याहून अधिक जमीन ज्यांच्याकडे आहे ते मालक राज्याच्या पर्यावरण आयोगाकडे अर्ज करू शकतात, किंवा विधिमंडळातील एखादा सदस्य त्या एका डिस्ट्रिक्टपुरते विधेयक मांडू शकतो. आयोगाच्या वाटेवर अभियंत्याचा अहवाल, छाननी आणि कोणी हरकत घेतली तर सुनावणी असते. विधिमंडळाच्या वाटेवर रस्ते बांधण्याचा अधिकार आणि पुढे डिस्ट्रिक्टचे विभाजन करण्याची मुभा त्याच विधेयकात लिहून घेता येते, म्हणून विकासकांना ही वाट आवडते. अडचण एवढीच की टेक्सासचे विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा, विषम वर्षी जानेवारीत भरते आणि १४० दिवसांत उठते. ती संधी हुकली तर पुढची दोन वर्षे हात बांधून बसावे लागते.

विधेयक मांडण्यापूर्वी किमान ३० दिवस वृत्तपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते आणि नियोजित हद्दीतील प्रत्येक जमीनमालकाला टपालाने कळवावे लागते. विधेयकाची प्रत राज्यपालांमार्फत पर्यावरण आयोगाकडे जाते आणि आयोग आपल्या शिफारशी नोंदवतो. वाचताना ही सगळी व्यवस्था फार काटेकोर वाटते. आमच्या बाबतीत मात्र त्या वेळी येथे वस्ती नव्हती, भाताची खाचरे आणि गुरांचे रान होते, आणि सर्व जमीन एकाच कंपनीच्या मालकीची होती. म्हणजे ज्याने डिस्ट्रिक्ट मागितले त्यालाच डिस्ट्रिक्ट येत असल्याची नोटीस टपालाने गेली असणार. कायद्याचे अक्षर पाळले गेले, यात शंका नाही. अशी विधेयके बिनविरोध स्थानिक विधेयकांच्या वेगळ्या यादीत जातात आणि गठ्ठ्यागठ्ठ्याने, जवळजवळ चर्चेशिवाय मंजूर होतात. त्यांचा मजकूरही एकाच साच्यातला असतो. नाव, कायदेसंग्रहातील प्रकरण क्रमांक आणि जमिनीची हद्द तेवढी बदलते.

त्या कायद्यातील कलमे थोडीच असून उरलेली पाने जमिनीच्या वर्णनाने व्यापली आहेत. आपल्याकडच्या खरेदीखतातील चतुःसीमा ज्यांनी वाचली असेल त्यांना ही भाषा ओळखीची वाटेल. अमुक अंश, अमुक मिनिटे दक्षिण-पूर्वेस इतके फूट, तेथे सापडलेल्या पाच अष्टमांश इंची लोखंडी सळईपर्यंत. तेथून पुढे जुन्या कालव्याच्या काठाने. असे करत करत वर्णन पुन्हा आरंभबिंदूवर येऊन थांबते. एका शनिवारी मी त्या पानांची छापील प्रत घेऊन वसाहतीच्या कडेने चाललो. पावसाचे पाणी साठवण्याच्या तळ्यामागे, कुंपणाच्या खांबापासून वीतभर अंतरावर, गवत बाजूला केल्यावर पिवळ्या प्लास्टिकची टोपी घातलेली ती सळई खरोखर सापडली. राज्याच्या कायद्यात नोंदलेली वस्तू बोटांनी चाचपण्याचा योग रोज येत नाही.

कलमांपैकी एका कलमाची रचना मला फारच कुतूहलजनक वाटली. २००९ च्या घटनादुरुस्तीनुसार, २०१० पासून कोणत्याही संस्थेला सक्तीने जमीन संपादन करण्याचा अधिकार द्यायचा असेल तर दोन्ही सभागृहांच्या एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मते लागतात, म्हणजे प्रतिनिधिगृहातील १५० पैकी १०० आणि सिनेटमधील ३१ पैकी २१. म्हणून विधेयकातच लिहिलेले असते की एवढी मते न पडल्यास ‘डिस्ट्रिक्टला सक्तीचे भूसंपादन करता येणार नाही’ अशा आशयाचे कलम त्यात आपोआप समाविष्ट होईल. एकाच कागदावर दोन भवितव्ये लिहून ठेवायची आणि त्यांपैकी कोणते खरे ते मतमोजणीने ठरवायचे, ही युक्ती ज्याला सुचली त्याचे कौतुक करावेसे वाटते. जवळपास शेतजमीन असलेल्यांनी आपल्या शेजारच्या डिस्ट्रिक्टच्या कायद्यात ते कलम आहे की नाही हे अवश्य तपासावे.

विधेयक मंजूर झाले म्हणून डिस्ट्रिक्टला लगेच कर्ज काढता येत नाही. कायद्याने नेमलेल्या पाच हंगामी संचालकांनी आधी संबंधित शहराची संमती मिळवायची आणि मग स्थापनेवर शिक्कामोर्तब करणारी निवडणूक घ्यायची असते. त्याच निवडणुकीत कर्जरोख्यांची कमाल मर्यादा आणि कर लावण्याचा अधिकार मतदारांपुढे ठेवला जातो. माझ्या मते या सेवेतील सर्वांत मोठी त्रुटी नेमकी येथे आहे. मोकळ्या रानात मतदार कोठून येणार? टेक्सासात याचे रूढ उत्तर असे आहे की त्या जमिनीवर एकदोन फिरती घरे आणून ठेवायची, त्यांत काही माणसांनी मतदार म्हणून नोंदण्याइतका काळ राहायचे आणि मतदान करायचे. आमच्या डिस्ट्रिक्टच्या निकालपत्रात प्रत्येक प्रस्तावापुढे तीन मते अनुकूल आणि शून्य प्रतिकूल अशी नोंद आहे. रस्त्यांसाठीच्या कर्जाला दोन तृतीयांश बहुमत लागते, हा संरक्षक नियम आमच्याकडे दोन माणसांत पूर्ण झाला असता. त्या तीन मतांनी मंजूर केलेल्या कर्जमर्यादेचा आकडा डॉलरमध्ये नऊ अंकी आहे. हे सर्व कायद्याला धरून झाले आणि अनेक डिस्ट्रिक्टांत असेच होते.

विकासकाची बाजूही मांडली पाहिजे. शहर आपल्या हद्दीबाहेर नळ टाकायला बांधील नाही आणि टेक्सासातील काउंटींना अशा कामांचे अधिकार बेताचेच आहेत. जलवाहिन्या, मलवाहिन्या आणि तळी विकासक आधी स्वतःच्या पैशाने उभारतो, आणि घरे उभी राहून करपात्र मूल्य पुरेसे वाढल्यावर डिस्ट्रिक्ट रोखे विकून त्याचा खर्च परत करते. घरे खपलीच नाहीत तर त्याचे पैसे जमिनीतच पुरलेले राहतात. १९८० च्या दशकात तेलाचे भाव कोसळले तेव्हा ह्यूस्टन भागातील काही डिस्ट्रिक्टांना आपली कर्जे फेडणे जड गेले होते. आता पाणी आणि सांडपाण्याच्या रोख्यांना पर्यावरण आयोगाची आणि त्यावर राज्याच्या ॲटर्नी जनरलची मंजुरी घ्यावी लागते. ही पद्धत नसती तर आमचे घर एक तर बांधले गेले नसते किंवा त्याची मूळ किंमत बरीच चढी असती. एवढे मान्य करूनही, ज्यांनी कर्ज मंजूर केले त्यांपैकी कोणीही ते फेडायला येथे राहिलेले नाही, ही गोष्ट मला खटकते.

हे मला खरेदीच्या वेळी सांगितले नव्हते का? सांगितले होते, आणि तेही लेखी. डिस्ट्रिक्टमधील घर विकताना कराचा दर, मतदारांनी मंजूर केलेले एकूण रोखे आणि प्रत्यक्ष काढलेले रोखे यांचा तपशील असलेली सूचना खरेदीदाराला करार बंधनकारक होण्यापूर्वी द्यावी लागते. बिल्डरच्या कार्यालयात साठ-सत्तर कागदांच्या चळतीत ती सूचना होती. विक्री प्रतिनिधी प्रत्येक कागदावर सहीची जागा बोटाने दाखवत होती आणि मी त्या बोटामागोमाग सही करत होतो. मंजूर रोख्यांचा आकडा त्या पानावर स्पष्ट छापलेला होता. तो वाचायला एक मिनिट पुरले असते. त्यामुळे सूचनेच्या मजकुराला चांगले गुण द्यावे लागतात. ती ज्या वेळी आणि ज्या गर्दीत हातात येते त्याला देता येत नाहीत. घर पाहणाऱ्यांना माझे सांगणे आहे की हा एक कागद आदल्या दिवशी मागून घ्यावा आणि मंजूर रोखे व काढलेले रोखे यांतील फरक पाहावा, कारण उरलेले रोखे काढायला पुन्हा तुमचे मत विचारले जाणार नाही.

करासंबंधी दुसरा एक गैरसमज आमच्या मित्रमंडळींत पक्का रुजला आहे. “वसाहत भरली की दर उतरतो, चिंता करू नका,” असे प्रत्येक जण सांगतो. दर उतरतो, हे खरे आहे. आम्ही आलो तेव्हा तो शंभर डॉलर मूल्यावर १.३५ डॉलर होता, आता १.१८ आहे. पण पहिल्या वर्षी घराचे करपात्र मूल्य ३,८०,००० डॉलर होते, म्हणजे मड टॅक्स झाला ५,१३० डॉलर. यंदा मूल्य ४,३०,००० आहे आणि टॅक्स ५,०७४ डॉलर. सहा वर्षांच्या उतरत्या दराने माझ्या खिशात ५६ डॉलर टाकले. शिवाय हा काउंटीच्या आणि शाळेच्या करांपेक्षा वेगळा आहे, हे ध्यानात ठेवावे.

संचालक मंडळाच्या कामकाजाला मी पाचपैकी दोन तारे देतो, आणि त्याचे कारण सभांची जागा व वेळ. सभा महिन्यातून एकदा, कामाच्या दिवशी भर दुपारी, येथून तीस मैलांवरच्या शहरात डिस्ट्रिक्टच्या वकिलांच्या कार्यालयात भरते. एकदा रजा टाकून गेलो. बाविसाव्या मजल्यावरच्या त्या खोलीत पाच संचालक, वकील, अभियंता, हिशेबनीस, कर वसुली करणारा आणि ऑपरेटर कंपनीचा माणूस असे सगळे होते. रहिवासी म्हणून मी एकटा. त्यांनी मला पाणी दिले, तीन मिनिटे बोलू दिले आणि अत्यंत सौजन्याने ऐकून घेतले. फिरत्या जनरेटरबद्दल विचारल्यावर दुसरे घेण्याचा प्रस्ताव अंदाजपत्रकात असल्याचेही अभियंत्याने सांगितले. माणसे वाईट नाहीत, पण त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची सोय वाईट आहे.

यावर जलसंहितेत उपाय आहे. डिस्ट्रिक्टमध्ये किमान ५० पात्र मतदार राहू लागले की त्यांपैकी पाच जणांनी लेखी मागणी करताच मंडळाने हद्दीच्या आत सभेची जागा ठरवली पाहिजे, आणि आत योग्य जागा नसेल तर हद्दीपासून दहा मैलांच्या आत. आमच्या वसाहतीत आता शेकडो मतदार आहेत आणि क्लबहाऊसचे सभागृह दुपारी रिकामेच असते. म्हणून गेल्या महिन्यात मी एका पानाचा अर्ज तयार केला. संचालकांची निवडणूक सम वर्षी मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी होते आणि उमेदवारी अर्जाची मुदत फेब्रुवारीच्या मध्यात संपते, त्यामुळे त्याआधीच्या सभा वसाहतीत झाल्या तर लोकांना उमेदवार तरी दिसतील.

अर्ज घेऊन दारोदार जाताना लक्षात आले की आमच्या गल्लीतील बहुतेक भारतीय कुटुंबे माझ्यासारखीच ग्रीन कार्डावर किंवा एच-वन व्हिसावर आहेत. आम्ही मड टॅक्स पूर्ण भरतो, पण पात्र मतदार नाही, म्हणून या अर्जावर आमच्या सहीला किंमत नाही. गेल्या वर्षी नागरिकत्व मिळालेल्या माझ्या पत्नीने पहिली सही केली. शेजारच्या निवृत्त शिक्षिकेने दुसरी आणि त्यांच्या मुलाने तिसरी केली. कोपऱ्यावरच्या घरातील गृहस्थ अर्ज नीट वाचून रविवारी परत देतो म्हणाले आहेत. पाचव्या ओळीसाठी नागरिक असलेला शेजारी मी अजून शोधतो आहे.